भावकीच्या अडतीस नळ्या

"हे काय आणलंय आजी?"

"धोंडिबाची लघवी," म्हातारी म्हणाली आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवली, थेट मायक्रोस्कोपच्या शेजारी.

बाटलीत कोऱ्या चहासारखं काळपट काहीतरी होतं. मी ती खिडकीशी धरून बघितली. लघवीचा असा रंग मी तोवर पाहिला नव्हता. म्हातारीचं नाव हौसाबाई. वेल्ह्याकडच्या एका वाडीवरनं आली होती. तिचा मुलगा धोंडिबा, चाळिशीचा गडी, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आडवा पडला होता. दोन एसट्या बदलून त्याला भोरला आणलं होतं. डोळे पिवळेजर्द, ओठ पांढरे, आणि उठून बसवलं की धाप लागत होती.

"कधीपासून?"

"परवापास्नं. तुमच्या गोळ्या खाल्ल्या आन तिसऱ्या दिशी सुरू झालं."

'तुमच्या' म्हणताना तिनं माझ्याकडेच बोट केलं. ते बरोबरच होतं.

मी भोरच्या मलेरिया युनिटात मायक्रोस्कोपिस्ट होतो. भोर आणि वेल्हे, दोन्हीकडचं रक्त माझ्या डोळ्यांखालून जायचं. सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. मलेरिया संपला असं आम्ही सगळ्यांना सांगून मोकळे झालो होतो, निम्मे लोक दुसऱ्या कामांना लावले होते, आणि मग मलेरिया निवांत परत आला. आमचा कामगार दर पंधरवड्याला घरोघर जायचा. कुणाला ताप असला की बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. ती काच, म्हणजे स्लाइड, माझ्याकडे यायची. मला जंतू दिसले की मी पॉझिटिव्ह लिहायचो आणि त्या माणसाला पाच दिवस गोळ्या सुरू व्हायच्या. गोळ्या दोन प्रकारच्या. मोठी पांढरी क्लोरोक्विन, ती ताप उतरवते. दुसरी बारकी, प्रायमाक्विन, ती यकृतात दडून बसलेल्या जंतूंना मारते. धोंडिबाची स्लाइड मीच पॉझिटिव्ह दिली होती, खाली माझी सही होती.

आमचे डॉक्टर करंदीकर पुण्याचे. वयानं माझ्याएवढेच, पण माणूस वाचणारा. त्यांनी धोंडिबाला भरती करून घेतलं, गोळ्या बंद केल्या, सलाइन लावलं आणि पुण्याच्या साहेबांना ट्रंककॉल लावला. ओरडून बोलल्याशिवाय त्या फोनवर काही पोहोचत नसे, त्यामुळे अख्ख्या वॉर्डनं तो संवाद ऐकला.

"सर, गोळीमुळे रक्तातल्या पेशी फुटल्यात असं वाटतं."

पलीकडचा आवाजही आम्हाला ऐकू येत होता. "अहो, अख्खा देश ती गोळी खातोय! वेल्ह्याच्या माणसालाच बरी बाधते?"

"तेच म्हणतोय सर. बाकीच्यांना बाधली नाही, याला बाधली. म्हणजे याच्यातच काहीतरी वेगळं आहे."

"ते काय ते वेगळं सिद्ध करा आणि मग लिहा. तोवर कागदावर कावीळ लिहा, साधी कावीळ."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि मला आत बोलावलं. "साळवे, तुम्ही जी सिक्स पी डी ऐकलंय?"

"नाही साहेब. नवीन फॉर्म आहे का?"

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग मला समजेल असं सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पोटात एक रसायन असतं. काही काही औषधं पेशीला आतून जाळायला बघतात, तेव्हा हे रसायन तिला वाचवतं. काही माणसांत ते जन्मापासूनच कमी असतं. एरवी त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. शेती करतात, कुस्ती खेळतात, म्हातारे होतात. पण नेमकी अशी गोळी पोटात गेली की पेशी भराभर फुटतात आणि रक्त लघवीवाटे जातं. गंमत म्हणजे अशा माणसाला मलेरियाचा जंतू जरा कमी त्रास देतो, त्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही. म्हणून तर ही उणीव मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

"म्हणजे साहेब, निसर्गानं राखण ठेवली आणि आपण राखणदारालाच गोळी घातली?"

"तसंच काहीसं," ते म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. धोंडिबा तेव्हा जेमतेम शुद्धीत होता.

मी पुण्याला गेलो. तिथल्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन औषधं आणि कृती लिहून आणली. कृती सोपी होती. नळीत रक्त घ्यायचं, ते तपकिरी करणारं एक औषध घालायचं, वर निळ्या औषधाचा थेंब. अंगाच्या उबेएवढ्या पाण्यात तीन तास ठेवायचं. चांगलं रक्त पुन्हा लाल होतं, उणीव असलेलं तपकिरीच राहतं. तुलनेला मी माझं स्वतःचं रक्त घेतलं. तीन तासांनी माझी नळी लालबुंद आणि धोंडिबाची तपकिरी ती तपकिरीच. डॉक्टर इतके खूश झाले की पेशंट अजून धोक्यात आहे हे क्षणभर विसरले. मग लगेच ओशाळले.

"साळवे, हे आनुवंशिक असतं. याच्या रक्ताच्या नात्यातले पुरुष शोधा. कुणाला मलेरिया झाला आणि ही गोळी मिळाली तर तो धोंडिबाइतका नशीबवान असेलच असं नाही."

पुरुषच का, हे मी विचारलं नाही. आमच्या सगळ्याच याद्यांत पुरुष आधी असायचे, त्यात मला काही नवल वाटलं नाही.

यादीची सुरुवात मी वॉर्डातच केली. हौसाबाई मुलाच्या उशाशी बसली होती. मी कागद काढला. धोंडिबाचा बाप, आजा, चुलते, चुलतभाऊ.

"माज्या भावाचं लिव की," ती मधेच म्हणाली. "पलटनीत व्हता. लढाईत ब्रम्हदेशाकडं गेलता. तितं हिवतापाच्या गोळ्या दिल्या तवा त्येचं बी आसंच काळं झालं व्हतं. मरता मरता वाचला."

"आजी, तो तुमच्या माहेरचा. आपल्याला धोंडिबाचं कुळ पाहिजे."

"आन मी कुनाची रं?"

"तुम्ही त्याची आई. पण आईचा कॉलम नाही यात."

ती वळून धोंडिबाचं पांघरूण सारखं करायला लागली. मी पण मोठा शहाणा! कागदाची घडी घातली आणि वाडीवर गेलो.

वाडीच्या पोलीसपाटलांना मी आलो त्याचं कारण सांगितलं. गोळ्यांवर गाव आधीच भडकलेलं होतं. पण रक्ताचं नातं म्हटल्यावर पाटलांचा चेहरा खुलला. "रक्ताचं नातं म्हंजे भावकी. ती आमाला तोंडपाठ हाय, सायेब." आणि खरंच होती. सात पिढ्या त्यांनी न अडखळता सांगितल्या. कोण कुणाचा पुतण्या, कोण दत्तक गेला, कोण मुंबईला गिरणीत आहे. एक नाव सुटलं नाही. बाईचं एक नाव आलं नाही. मी लिहून घेत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. एवढी नेटकी वंशावळ पुण्याच्या कॉलेजातसुद्धा कुणाकडे नसेल!

अडतीस पुरुष निघाले. दोन दिवस मी पाटलांच्या पडवीत ठाण मांडून बसलो. सुई बघून भलेभले मिशीवाले परसाकडं जाऊन येतो म्हणून पसार व्हायचे, त्यांना पाटील हाका मारून आणायचे. नळ्यांसाठी अंगाच्या उबेचं पाणी हवं होतं. पाटलीणबाईंनी तांब्याचं घंगाळ दिलं, मी त्यात थर्मामीटर सोडला आणि पाणी निवलं की त्या बापड्या चुलीवरचं आणून ओतायच्या. तीन तास सगळी भावकी घंगाळाभोवती उकिडवी बसून राहायची.

सगळ्या नळ्या लाल झाल्या. अडतीसच्या अडतीस. गावानं सुस्कारा सोडला, पाटलांनी मला जेवू घातलं आणि मी शनिवारी सकाळी छाती फुगवून भोरला आलो.

डॉक्टरांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालून वर वाचली.

"यात आईकडचे कुठे आहेत?"

"आईकडचे भावकीत येत नाहीत साहेब."

"साळवे," ते फार सावकाश बोलायला लागले, म्हणजे ते रागावले होते. "ही उणीव पुरुषाला फक्त आईकडून येते. बापाकडून मुलाला येतच नाही. आई स्वतः ठणठणीत असते, पण मुलाला देते. मुलीला दिली तर ती पुढे तिच्या मुलाला देते. बापाच्या भावकीशी हिचा संबंध नाही."

"मग हे अडतीस?"

"ज्यांना काही असण्याचं कारणच नव्हतं, असे अडतीस लोक तुम्ही हुडकून काढलेत. एकही चुकला नाही."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण त्याहून वाईट म्हणजे मला म्हातारीचा पलटणीतला भाऊ आठवला. मी तसाच वॉर्डात गेलो. धोंडिबाची लघवी निवळायला लागली होती, तो पेज पीत होता.

"आजी, तुम्हाला लेकी किती?"

"येकच. सोनी. वरव्याला दिलीया."

"तिला मुलगा आहे?"

"हाय की, पांडू. त्याला बी हिवताप भरलाय म्हनं. गुरवारपास्नं सरकारी गोळ्या सुरू झाल्यात, काल निरोप आला."

माझी पाचावर धारण बसली. वरवे बुद्रुक, पांडुरंग गणपत, वय बावीस. ती स्लाइड मंगळवारी मीच वाचली होती. पॉझिटिव्ह, खाली सही साळवे. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं वेगळं. धोंडिबाचा आणि त्याचा काही संबंध असेल हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिसरा दिवस. मी वाडीवर भावकीच्या नळ्या ऊन करत बसलो होतो आणि इकडे माझ्याच सहीनं म्हातारीच्या नातवाला तीच गोळी चालू झाली होती.

जीप पुण्याच्या साहेबांच्या दौऱ्यावर गेली होती. एसटीनं कापूरहोळ गाठलं, पुढची गाडी तासाभरानं होती. हमरस्त्यावर उभा राहून एका ट्रकवाल्याला हात केला. बॅगेत सुई, नळ्या आणि रिकामी बाटली. सगळ्या वाटेत मला तोच कोऱ्या चहाचा रंग दिसत होता. इतका मी उभ्या नोकरीत घाबरलो नाही.

वरव्यात सोनाबाईच्या घराला कडी घातलेली. शेजारच्या ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या बाईला विचारलं, "पांडू कुठं नेला?"

"नेला? खळ्यावर हाय की. भात झोडत्यात."

मी धावत खळ्यावर गेलो. पांडू पेंढ्यावर बसून भाकरी खात होता. डोळे बघितले, पांढरेशुभ्र. ओठ बघितले. त्याला वाटलं मला वेड लागलंय. मी त्याच्या हातात बाटली दिली.

"काय करू सायेब?"

"तिकडं आड जा आणि यात लघवी कर."

खळ्यावरची सगळी माणसं हसायला लागली. मला चालणार होतं. बाटली परत आली, लघवी स्वच्छ पिवळसर. मी मटकन खाली बसलो आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी घटाघटा प्यालो.

"गोळ्या घेतल्यास ना रोज?"

पांडूनं आईकडे बघितलं. सोनाबाईनं पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पांढऱ्या दिल्या. बारक्या न्हाई दिल्या. चुलीत घातल्या."

"का?"

"दादाला भोरला नेताना नसरापुरात येष्टी बदलली, तवा म्या बघितलं त्याला. पिवळा झालता निस्ता. आईनं सांगितलं गोळ्यांनी झालं. मंग म्या पांडूला कशी दिऊ?"

"अहो पण गोळी सगळ्यांना बाधत नाही. पांडूला बाधेल असं कशावरून वाटलं तुम्हाला?"

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. "बघा की त्याच्याकडं. मामाचं नाक, मामाचा राग, मामावानी डाव्या हातानं जेवतोय. समदं मामाचं आन रगात तेवढं बापाचं आसंल व्हय?"

डॉक्टर करंदीकर पुस्तकं वाचून जिथं पोचले होते तिथं ही बाई नसरापूरच्या स्टँडवर उभ्या उभ्या पोचली होती. नाक आणि डावा हात हा काही पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण तिचा मुलगा भाकरी खात होता आणि माझ्याकडे अडतीस लाल नळ्या होत्या.

तेवढ्यात आमचा कामगार शंकर सायकलवरून आला. त्याचं रजिस्टर मी मागून घेतलं. पांडुरंग गणपत, तीन दिवस, तीन खुणा, पुढे शेरा, 'समक्ष गिळवली'.

"शंकर, समक्ष?"

"पांडू रानात असायचा हो. आईच्या हातात दिल्या. ती देते म्हणाली." तो घामाघूम झाला. समक्ष न गिळवणं म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा, नोकरीवर गदा यायची.

एरवी मी त्याला फाडून खाल्ला असता. त्या दिवशी त्याच्या कामचुकारपणाच्या पाया पडावंसं वाटलं. पांडूचं रक्त घेतलं, भोरला आणलं आणि नळी पाण्यात ठेवली. तपकिरी.

आता तुम्हाला वाटेल, पुण्याला कळवलं आणि सगळं सुधारलं. डॉक्टरांनी खरंच सविस्तर लिहिलं. फॉर्मवर आईच्या माहेरासाठी एक ओळ ठेवावी, असंही सुचवलं. उत्तर आलं की छापील फॉर्मांचा साठा भरपूर शिल्लक आहे, तो संपेपर्यंत बदल शक्य नाही. अहवालात मात्र माझी यादी अगदी शोभून दिसली. 'रुग्णाच्या कुळातील अडतीस पुरुषांची तपासणी केली, दोष एकातही आढळला नाही, सबब प्रकार अपवादात्मक समजावा.' पांडूचं नाव त्यात नव्हतं. आडनाव वेगळं, गाव वेगळं, तालुका वेगळा, तो नातेवाईक ठरतो कसा, असं साहेबांनी विचारलं. शिवाय रजिस्टरनुसार त्यानं तीन दिवस गोळी 'समक्ष' गिळली होती, आणि ती गिळूनही जो ठणठणीत आहे त्याला गोळी बाधते हे कोण मानणार? खरं काय ते कळवायचं तर शंकरचा बळी द्यावा लागला असता. ते मी केलं नाही, आणि डॉक्टरांनी करा म्हटलं नाही.

मग आम्ही आमच्यापुरती सोय केली. मी पुठ्ठ्याची कार्डं कापली. धोंडिबाला एक, पांडूला एक. वर नाव, खाली ठळक अक्षरांत, 'यास प्रायमाक्विन देऊ नये,' त्याखाली डॉक्टरांची सही. पांडूला पुढेही दोनदा मलेरियानं गाठलं, कारण दडलेले जंतू मारणारी गोळी त्याला देताच येत नव्हती. दोन्ही वेळा त्यानं कार्ड दाखवलं आणि फक्त पांढऱ्या गोळ्या घेऊन गेला. धोंडिबा बरा होऊन महिनाभरात औताला लागला. डॉक्टरांची बदली झाली. जाताना त्यांनी मला शिक्क्यासकट चार शब्दांचा अधिकार देऊन ठेवला, म्हणजे कोऱ्या कार्डांवर सह्या करून ठेवल्या.

दोनेक वर्षांनी पांडूच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगी कोण, तर धोंडिबाची थोरली. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. मी पत्रिका हातात घेऊन बसलो. लग्न मोडा म्हणायला मी कोण? आणि या उणिवेनं काही कुणाचा संसार अडत नाही, फक्त एक गोळी टाळायची असते. मी सह्या केलेली पाच कार्डं घेतली, नावाची जागा मोकळी ठेवली, तिच्याआधी मुलग्याचं 'चि.' लिहिलं आणि पाकिटात घालून आहेर म्हणून नेली.

लापशीचं जेवण झाल्यावर मी पाकीट हौसाबाईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते मी सांगितलं.

"ब्येस केलंस. कुनाकुनाची हायती?"

"तुमच्या पतवंडांची. होणाऱ्या मुलांची."

"आन पोरींची?"

मुलींना सहसा होत नाही, असं समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं. हे सहसामधलं लग्न नव्हतं. बापाच्या रक्तात ती उणीव होती, आणि धोंडिबाची मुलगी म्हणजे आईनंही ती वडलांकडून घेतलेलीच. दोन्ही बाजूंनी आली की मुलीलाही बाधणार. निम्म्या मुलींना तरी. हे डॉक्टरांनी मला बोटांवर मोजून शिकवलं होतं, आणि कार्डं लिहिताना मला एकही मुलगी आठवली नव्हती.

"राहिलं, आजी," मी म्हणालो.

"तुजं दर येळी ऱ्हातंय," ती म्हणाली, आणि पाकीट मला परत दिलं.

वाजंत्री चालू होती. मी मांडवातच एका कोपऱ्यात बसलो, लग्नाला आलेल्या एका मास्तरांकडून पेन मागून घेतलं आणि पाचही कार्डांवरचं 'चि.' खोडलं.